दुसरा कॉम्प्युटर होता की, मग सिस्टीम बंद का पडली?

२० ऑक्टोबर २०२५ ला अमेझॉनच्या क्लाऊडचा उत्तर व्हर्जिनियातला भाग आजारी पडला आणि त्याच्या जिवावर चालणारी कितीतरी ॲप्स एकामागोमाग बसली. त्या दिवशी मला वेगवेगळ्या तीन जणांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला, की एवढी मोठी कंपनी, एक कॉम्प्युटर बंद पडला तर दुसरा चालू करायला यांचं काय जातं?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जरा विचित्र आहे, कारण दुसरा होता. तिसराही होता. आणि बिघाडाचं मूळ या एकाच कामावर लावलेल्या भिडूंच्या आपसातल्या गोंधळातच होतं. त्या किश्श्यापर्यंत येतोच, पण त्याआधी दोन-चार गोष्टी सांगाव्या लागतील, नाहीतर तो किस्सा नुसता डोक्यावरून जाईल.

एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं, याला फेलओव्हर म्हणतात. आणि असं करत करत सिस्टीम जवळजवळ कायम चालू ठेवायची, ही हाय अव्हेलेबिलिटी. यातल्या 'जवळजवळ'चा हिशोब बघण्यासारखा आहे. ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटं, आणि ९९.९९९ टक्के म्हणजे अख्ख्या वर्षात जेमतेम सव्वापाच मिनिटं. एवढ्यात झोपलेला माणूस उठून, डोळे चोळून, लॅपटॉप उघडून पासवर्डही टाकू शकत नाही. म्हणून हे सगळं आपोआप व्हावं लागतं, आणि आपोआप म्हटलं की भानगडी आल्याच.

## दारावर मोजणारा माणूस

इथे मी बोलतोय ते इव्हेंटवर चालणाऱ्या सिस्टीमबद्दल. इव्हेंट म्हणजे 'काहीतरी घडलं' याची छोटीशी नोंद. कार्ड स्वाइप झालं, सेन्सरचं तापमान बदललं, कोणीतरी बटण दाबलं. अशा नोंदींची रांग अखंड येत असते आणि एक प्रोग्रॅम ती येईल तशी वाचून त्यावर लगेच काहीतरी करतो, याला इव्हेंट प्रोसेसिंग म्हणतात. उदाहरणार्थ, एकच कार्ड पाच मिनिटांत दोन वेगवेगळ्या देशांत वापरलं गेलं तर व्यवहार अडवतो.

आता हे करायला त्या प्रोग्रॅमला मागचं आठवत असावं लागतं. साध्या वेबसाईटचं तसं नसतं, तिथे तुम्ही पान मागितलं, तिने दिलं, विषय संपला, त्यामुळे एक सर्व्हर गेला तर दुसरा तेच पान देतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. इव्हेंटवाल्या प्रोग्रॅमच्या पोटात आठवण असते, तिला स्टेट म्हणतात, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

समजा एका मोठ्या हॉलच्या दारावर एक माणूस उभा आहे. आत ५०० जागा. कोणी आत गेलं की हा मनात एक वाढवतो, बाहेर आलं की एक कमी करतो, ५०० भरले की घंटा वाजवून दार लावून घेतो. मध्येच त्याला चक्कर आली आणि तो पडला. तुम्ही धावत जाऊन दुसरा माणूस आणून उभा केलात. चांगला धडधाकट, हुशार, मोजता येतं. पण तो पहिला प्रश्न काय विचारणार? "आत किती आहेत?"

फेलओव्हरच्या चर्चेत लोक दुसरा माणूस किती पटकन येतो यावर तासन् तास बोलतात. मला विचाराल तर तो आल्यावर त्याला काय माहीत असतं, आणि पहिला खरंच पडलाय हे कोणी ठरवलं, हे दोन प्रश्न जास्त महागात पडतात.

## दुसऱ्याला बसवायचं कुठे?

एक, तो घरी झोपलाय आणि गरज पडली की फोन करून बोलवायचा. हा कोल्ड स्टँडबाय. खर्च कमी, पण तो उठणार, येणार, वही शोधून वाचणार, मग मोजायला लागणार.

दोन, तो बाजूच्या खुर्चीत बसलाय. पहिला माणूस दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहितो आणि हा ती वही डोळ्यासमोर ठेवून असतो. हा वॉर्म स्टँडबाय.

तीन, दोघंही दारावर उभे आहेत आणि दोघंही मोजतायत, फक्त घंटा एकाच्याच हातात आहे. पहिला पडला की दुसरा घंटा उचलतो, बस. हा हॉट स्टँडबाय, अर्थातच सगळ्यात महाग, कारण एका कामाचे दोन पगार.

कल्पना नवी नाही. टँडम नावाच्या कंपनीने १९७६ मध्ये नॉनस्टॉप नावाचा कॉम्प्युटर विकायला काढला, त्यात प्रत्येक महत्त्वाच्या प्रोग्रॅमची जोडी असायची, एक काम करणार आणि जाता जाता आपली अवस्था दुसऱ्याला कळवत राहणार. वॉर्म स्टँडबायच तो.

वहीत आकडा लिहिण्याला चेकपॉइंट म्हणतात. एक दार असेल तर सोपं आहे, पण दहा दारं असतील आणि दहा माणसं असतील तर? सगळ्यांनी एकाच क्षणी आकडा लिहायला हवा, नाहीतर एका दाराचा दहा वाजताचा आणि दुसऱ्याचा दहा वाजून दोन मिनिटांचा आकडा घेऊन केलेली बेरीज खोटी निघणार. सगळ्यांना "थांबा" म्हणता येत नाही, रांग मागे तुंबते. यावर चँडी आणि लॅम्पोर्ट या दोघांनी १९८५ मध्ये एक सुंदर युक्ती मांडली, आणि आज फ्लिंकसारखी इव्हेंट प्रोसेसिंगची सॉफ्टवेअर तिच्याच एका रूपावर चालतात. रांगेतच अधूनमधून एक झेंडा घेतलेला माणूस सोडायचा. तो ज्याच्या समोरून जाईल त्याने त्या क्षणीचा आपला आकडा लिहून ठेवायचा आणि काम चालू ठेवायचं. घड्याळं जुळवायला नकोत, कोणाला थांबवायला नको, झेंड्याच्या पुढचे सगळे मोजलेले आणि मागचे सगळे न मोजलेले. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो.

## वहीत लिहिल्यानंतर जे घडलं त्याचं काय?

वहीत शेवटची नोंद १०:०५ ची आहे, आकडा ३१२. माणूस पडला १०:०८ ला. मधल्या तीन मिनिटांत कोण आलं कोण गेलं, देव जाणे.

म्हणून दारात एक पेटी ठेवायची. आत जाणाऱ्याने हिरवी चिठ्ठी टाकायची, बाहेर येणाऱ्याने लाल, आणि प्रत्येक चिठ्ठीवर ओळीने नंबर. आता वहीत नुसतं '३१२' न लिहिता '३१२, चिठ्ठी नंबर ७४१ पर्यंत' असं लिहायचं. नवा माणूस आला की वही वाचणार, पेटी उघडून ७४२ पासूनच्या चिठ्ठ्या भराभर मोजणार, आणि हिशोब जुळणार.

काफ्का म्हणून जे नाव तुम्ही ऐकलं असेल ते म्हणजे ही पेटी. लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. चिठ्ठीच्या नंबराला तिथे ऑफसेट म्हणतात. वाचलेली चिठ्ठी फेकून दिली जात नाही, सेटिंग न बदलल्यास ७ दिवस पेटीत राहते. माझ्या मते फेलओव्हरच्या जगात याने फार मोठा फरक पडला, कारण पेटी भरवशाची असेल तर मोजणारा माणूस पडला तरी तेवढं आभाळ कोसळत नाही.

पण मग पेटीच जळाली तर? म्हणून पेटीच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवतात आणि चिठ्ठी निदान दोन प्रतींत पडल्याशिवाय "मिळाली" अशी पोच द्यायची नाही असं सेटिंग करतात. तरीही एक कडू प्रसंग उरतोच. ताज्या असलेल्या सगळ्या प्रती गेल्या आणि जिवंत राहिली ती जरा मागे पडलेली प्रत. आता काय करायचं, ताजी प्रत परत येईपर्यंत थांबायचं, की मागची प्रत खरी धरून पुढे जायचं आणि मधल्या चिठ्ठ्यांवर पाणी सोडायचं? काफ्कात पूर्वी आपोआप दुसरा पर्याय घेतला जायचा, २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून पहिला, म्हणजे थांबा. एका सेटिंगचा बदल वाटतो, पण चालू राहणं मोठं की खरं राहणं मोठं, हा वाद आहे तो.

अजून एक हिशोब लोक हमखास विसरतात. समजा सेकंदाला १,००० इव्हेंट येतात आणि तुमचं मशीन सेकंदाला १,२०० उरकू शकतं. तीन मिनिटं बंद पडलं, म्हणजे १,८०,००० चिठ्ठ्या साठल्या. चालू झाल्यावर नव्याही येतच असतात, त्यामुळे साठलेल्यासाठी सेकंदाला फक्त २०० ची ताकद उरते. म्हणजे ९०० सेकंद. तीन मिनिटांच्या बंदची भरपाई करायला पंधरा मिनिटं! तेच मशीन २,००० उरकणारं असतं तर तीन मिनिटांत वर आलं असतं. या मागे पडण्याला लॅग म्हणतात, आणि फेलओव्हर "झालं" असं म्हणायचं ते लॅग शून्यावर आल्यावर, दुसरं मशीन सुरू झालं तेव्हा नाही.

## हरवलेलं चालेल, दोनदा आलेलं चालेल, की उशिरा आलेलं?

तिन्ही नको असं सगळेच म्हणतात. आणि मग खर्च ऐकला की विचार करायला लागतात.

या तीन गोष्टी वेगळ्या काढून बघायची पद्धत जुनी आहे. २००५ मध्ये एका संशोधक गटाने, ज्यात डेटाबेसवाले मायकेल स्टोनब्रेकरही होते, इव्हेंटच्या सिस्टीम पडून उठतात त्याचे प्रकार लावले होते. मधलं हरवलं तरी पुढे चला, हा एक. काहीही हरवू नका पण काही गोष्टी परत झाल्या तर चालेल, हा दुसरा. आणि जणू काही पडलोच नाही असं उठा, हा तिसरा, जो अर्थातच सगळ्यात जड.

चिठ्ठ्या परत मोजल्या की आतला आकडा बरोबर येतो, ते ठीक. पण परत मोजताना तो माणूस घंटाही परत वाजवतो, त्याचं काय? एका जुन्या नोकरीत आम्ही हे भोगलंय. आमची सिस्टीम इव्हेंट बघून लोकांना सूचना पाठवायची, चेकपॉइंट दर दहा मिनिटांनी. मुख्य मशीन गेलं ते नेमकं नवव्या मिनिटाला. दुसऱ्याने झकास ताबा घेतला, वही वाचली, पेटी उघडली आणि गेल्या नऊ मिनिटांतल्या सगळ्या सूचना इमानेइतबारे परत पाठवायला लागलं. माझा नंबर चाचणीच्या यादीत होता. टेबलावर फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकत आलेला मी बघत होतो आणि तेवढ्यात पलीकडून ज्युनिअर ओरडला, "दादा, स्टँडबाय चालू झाला!" म्हटलं, कळलं रे बाबा.

याचा इलाज म्हणजे काम आयडेम्पोटंट करायचं. शब्द अवघड आहे, अर्थ लिफ्टच्या बटणासारखा. एकदा दाबा नाहीतर वैतागून दहा वेळा दाबा, लिफ्ट एकच येते. तसं प्रत्येक सूचनेला, प्रत्येक पेमेंटला तिचा स्वतःचा नंबर द्यायचा आणि घेणाऱ्याने तो नंबर आधी बघितला असेल तर गप्प बसायचं. 'शिल्लक १०० ने कमी कर' असा निरोप दोनदा गेला तर वाट लागते, 'अमुक नंबरच्या व्यवहारानंतर शिल्लक ४०० आहे' हा दहादा गेला तरी काही बिघडत नाही.

"पण काफ्कात तर एक्झॅक्टली वन्सची सोय आहे ना?" असं कोणीतरी म्हणणारच. आहे, २०१७ पासून. म्हणजे प्रत्येक इव्हेंटचा परिणाम नेमका एकदाच. पण तो वायदा पेटीतून वाचून परत पेटीत लिहिण्यापुरता आहे. एकदा का निरोप बाहेर गेला, कोणाच्या फोनवर, कुठल्या बँकेकडे, की तो परत बोलावता येत नाही, तिथे लिफ्टचं बटणच लागतं.

## मेला, की नुसता डोळा लागलाय?

माणूस पडलेला डोळ्यांनी दिसतो. मशीनचं तसं नाही. दर काही सेकंदांनी "मी आहे, मी आहे" असा निरोप पाठवायचा, त्याला हार्टबीट म्हणतात, आणि तो बराच वेळ आला नाही की गेला असं समजायचं. पण निरोप न येण्याची कारणं चिक्कार आहेत. मशीन गेलं असेल, मधली वायर गेली असेल, किंवा प्रोग्रॅम मेमरी साफ करण्यात इतका गुंतला असेल की वीस सेकंद त्याला कशाचंच भान नाही. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, नुसती शांतता. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्धच केलं की निरोपाला किती वेळ लागेल याची खात्री नसेल आणि एक जरी मशीन पडू शकत असेल, तर सगळ्यांचं दरवेळी नक्की एकमत होईलच अशी पद्धत असू शकत नाही. म्हणजे व्यवहारात तुम्ही अंदाजच करताय, फक्त तो किती वेळाने करायचा हे तुमच्या हातात.

मग वेळ कमी ठेवावी का? दोन सेकंद? नवखा माणूस हमखास हेच करतो, मीही केलंय. जरा नेटवर्क अडखळलं की फेलओव्हर, नवीन मशीन जुनं सगळं वाचण्यात गुंतलं की त्याचाही हार्टबीट चुकला, परत फेलओव्हर, असा गोल गोल खेळ चालतो आणि काम शून्य. काफ्कात वाचणाऱ्याला मेलेला समजायची वेळ आधी १० सेकंद होती, २०२१ च्या ३.० आवृत्तीत ती वाढवून ४५ केली. फ्लिंकमध्ये सेटिंग न बदलता ५० सेकंद असते. खोट्या मरणाचा त्रास खऱ्या मरणापेक्षा जास्त वेळा होतो हे अनुभवानेच शिकले सगळे.

## दोघंही म्हणतात, मीच खरा

आता तो किस्सा. पहिल्या माणसाला चक्कर आली, दुसऱ्याने घंटा घेतली, आणि पाच मिनिटांनी पहिला शुद्धीवर आला. त्याला वाटतंय तो अजून ड्युटीवरच आहे. खिशात त्याची जुनी घंटा आहे. उठला आणि आपल्या जुन्या आकड्यावर वाजवली. एका दारावर दोन मालक, याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि माझ्या लेखी हे बंद पडण्यापेक्षा कितीतरी वाईट. बंद सिस्टीम निदान खोटं बोलत नाही.

ऑक्टोबर २०२५ ला साधारण हेच झालं. अमेझॉनचा एक मोठा डेटाबेस आहे डायनॅमोडीबी, आणि त्याचा पत्ता सांगणारी यादी असते, नावावरून पत्ता शोधायची, जिला डीएनएस म्हणतात. ती यादी अद्ययावत ठेवायला तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन स्वतंत्र प्रोग्रॅम होते, एखादा पडला तरी काम अडू नये म्हणून. त्यातला एक काही कारणाने भयंकर रेंगाळला. त्याने सुरुवातीला तपासलं होतं की माझ्याकडची यादी ताजी आहे, आणि तेव्हा ती होतीही. पण तो रेंगाळत असताना दुसऱ्याने आणखी नवी यादी लावून टाकली आणि हा दुसरा जुन्या याद्या साफ करायला लागला. तेवढ्यात पहिला पोचला आणि त्याने नव्या यादीवर आपली जुनी यादी चढवली. मग साफसफाईवाल्याने ती जुनी म्हणून पुसली. झालं, पत्त्याच्या जागी कोरं पान. डायनॅमोडीबी जागेवर होता, पण त्याच्याकडे जायचा रस्ताच कोणाला सापडेना, आणि शेवटी माणसांना हात घालावा लागला. तो भाग तीनेक तासांत सावरला, त्याच्यावर अवलंबून असलेल्या इतर गोष्टींना सुरळीत व्हायला दिवसाचा बराच भाग गेला.

यावरचा उपाय साधा आहे पण तो योग्य जागी लावावा लागतो. प्रत्येक नव्या मालकाला चढता नंबर द्यायचा, समजा दुसऱ्याला ८, पहिल्याचा ७ होता. आणि दाराने, म्हणजे जिथे प्रत्यक्ष बदल होतो तिथेच, नियम पाळायचा की ८ बघितल्यावर ७ चं काही ऐकायचं नाही. याला फेन्सिंग म्हणतात. तपासणी काम सुरू करताना करून उपयोग नाही, ती बदल होतो त्या क्षणी हवी, वरच्या किश्श्यात नेमकं तिथेच फसलं. आणि मालक कोण हे ठरवायला बहुमत लागतं, म्हणून हे ठरवणारी मशीन तीन किंवा पाच असतात. दोन ठेवली आणि मधली वायर तुटली तर एकास एक, निकालच नाही. चार ठेवली तरी तीनपेक्षा जास्त काही मिळत नाही, दोन्हीत एकच पडलेलं चालतं.

## "मग सरळ दोघांनाही काम करू दे ना"

हॉट-हॉट. ऐकायला बेस्ट. फेलओव्हरच नको, दोघंही सदा जागे.

अडचण ही, की दोघांनी एकच उत्तर काढायला हवं. एकाने इव्हेंट वेगळ्या क्रमाने वाचले, किंवा प्रोग्रॅममध्ये कुठेतरी "आत्ता किती वाजले" असं विचारलं, की दोघांची उत्तरं हळूहळू फाटत जातात आणि महिन्याभराने कोणाचं खरं तेच कळत नाही. वेळ इव्हेंटवर लिहिलेली घ्यायची, आपल्या घड्याळाची नाही, हा नियम पाळायला शिस्त लागते.

दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत फुटलं. दिशा सांगणारी दोन उपकरणं होती, एक चालू आणि एक हॉट स्टँडबाय, दोन्हीत तेच सॉफ्टवेअर. एक मोठा आकडा छोट्या जागेत मावला नाही म्हणून चालू उपकरण बंद पडलं, आणि स्टँडबायकडे जावं तर तो त्याच कारणाने फक्त ७२ मिलिसेकंदांच्या एका फेरीआधीच बंद पडलेला! इव्हेंटच्या सिस्टीममध्ये हे रोजचं आहे. एखादा वेडावाकडा इव्हेंट येतो, पहिलं मशीन तो वाचून कोसळतं, दुसरं ताबा घेतं, इमानदारीने तोच इव्हेंट वाचतं आणि कोसळतं. मग तिसरं. जो इव्हेंट दोन-तीनदा पचला नाही त्याला बाजूच्या वेगळ्या रांगेत टाकून पुढे जायची सोय नसेल, तर स्टँडबाय दहा ठेवलेत तरी दहाही जातील.

## "लांब दुसऱ्या शहरात ठेवला की काळजी मिटली"

एका डेटा सेंटरला आग लागली, पूर आला, तर यासाठी हे हवंच. पण लांब म्हटलं की प्रकाशाचा वेग आडवा येतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरवर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद, त्यात कोणाचीच मर्जी चालत नाही. प्रत्येक इव्हेंटला तिकडची पोच येईपर्यंत थांबायचं ठरवलं आणि इव्हेंट एकामागोमाग एकच घेत असाल, तर सेकंदाला १०० च्या वर जाताच येणार नाही. गठ्ठ्याने पाठवून यातून वाट काढतात, तरी उशीर राहतोच. न थांबता पाठवत राहिलात तर वेग मिळतो, पण इकडचं जळालं त्या क्षणी तिकडे न पोचलेलं कायमचं गेलं.

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपला कोड जिथे ठेवतात त्या वेबसाईटकडे, नेटवर्कचं एक उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला. किती वेळ? ४३ सेकंद. तेवढ्यात आपोआप फेलओव्हर झालं आणि डेटाबेसची मालकी पश्चिम किनाऱ्यावर गेली. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे पश्चिमेला न पोचलेल्या नोंदी होत्या, एका वर्दळीच्या डेटाबेसमध्ये अशा ९५४, आणि पश्चिमेकडे तोवर नव्या नोंदी पडायला लागलेल्या. दोन्ही खऱ्या. हे निस्तरून पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. दरम्यान बाहेर पाठवायचे ५० लाखांवर इव्हेंट तुंबले होते, आणि रांग सोडल्यावर कळलं की त्यातल्या सुमारे २ लाखांची मुदत रांगेतच संपली आणि ते टाकून दिले गेले. ४३ सेकंद नुसतं गप्प बसले असते तर?

म्हणून माझं ठाम मत आहे, कोणाला पटो न पटो: एका डेटा सेंटरच्या आतलं फेलओव्हर आपोआप होऊ द्या, पण शहर बदलायचं बटण जागा असलेल्या माणसाने दाबावं. पंधरा मिनिटं जास्त बंद राहील, राहू दे.

## मग निवडायचं कसं?

अख्ख्या सिस्टीमसाठी एक पर्याय निवडायला जाऊ नका, तिथेच पैसे वाया जातात. इव्हेंटचा एकेक प्रवाह घ्या आणि धंदा बघणाऱ्या माणसाला विचारा, इंजिनिअरला नाही: हा दहा मिनिटं थांबला तर कोण ओरडेल? यातला एक हरवला तर? एक दोनदा झाला तर?

कार्डाचा घोटाळा पकडायचाय, तर उत्तर काही मिलिसेकंदांत हवं, उशिराचं उत्तर निरुपयोगी, तिथे हॉट घ्या आणि अधूनमधून एखादी चूक सोसा. महिन्याचं बिल बनवायचंय, तर उशीर चालतो पण एकही नोंद हरवता कामा नये आणि दोनदा धरता कामा नये, तिथे वॉर्म, भरवशाची पेटी आणि लिफ्टचं बटण. धोक्याची घंटा वाजवणारी सिस्टीम असेल तर दोनदा वाजली तरी चालेल, न वाजलेली चालणार नाही. आणि किती लोकांनी कुठलं पान बघितलं याचा तक्ता काढायचा असेल तर कोल्ड ठेवा आणि रात्री शांत झोपा, सकाळी पेटीतून परत मोजता येतं. मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी वॉर्म अधिक पेटी एवढ्यात भागतं, हॉटचा आग्रह बऱ्याचदा मीटिंगमध्ये चांगला दिसतो म्हणून असतो.

"आमचं सगळं क्लाऊडवर आहे, ते बघतात" हे उत्तर अर्धंच खरं. ते पेटी जपतील, मशीन बदलून देतील. तुमच्या सूचना दोनदा गेल्या तर चालतील का, हे त्यांना माहीत नसतं.

## आणि तो दुसरा खरंच उठतो का?

नेटफ्लिक्सने केऑस मंकी नावाचा प्रोग्रॅम बनवला होता, २०१२ मध्ये तो सगळ्यांना खुला करून दिला. तो चालू सिस्टीममधली मशीन मनाला येईल तशी बंद पाडतो, मुद्दाम, कामाच्या वेळेत. वेडेपणा वाटतो ना? मलाही वाटायचा.

मग आम्ही एकदा ठरवून, सगळ्यांना सांगून, भर दुपारी मुख्य मशीन बंद केलं. स्टँडबाय ४० सेकंदांत उठला, वही वाचली, पेटी उघडली, लॅग खाली यायला लागला, सगळे खूश. आणि आकडा एका जागी अडकला. वाचत होता पण बाहेर एकही निरोप जाईना. अर्ध्या तासाने सापडलं, बाहेरच्या सर्व्हिसला स्वतःची ओळख पटवायचं जे सर्टिफिकेट लागतं ते त्या मशीनवरचं चार महिन्यांपूर्वीच संपलेलं. मुख्य मशीनवरचं आम्ही वेळेवर बदललं होतं. स्टँडबायला बाहेर बोलायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे तो चार महिने हिरवा दिवा लावून मुका बसला होता.

त्यानंतर आम्ही मुख्य आणि स्टँडबाय ही नावंच काढून टाकली. दर महिन्याला दोघांची अदलाबदल करतो, परत मूळ जागी आणायची घाईही करत नाही. आज कुठलं मशीन काम करतंय असं मला विचारलंत तर बघून सांगावं लागेल.